बिबळ्याचा पेला

आकडा चारशे अठ्ठावीस आला तेव्हा मी आधी यंत्राला शिवी घातली. उपाशीपोटीची साखर एवढी असलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत येतो, काउंटरवर नाव सांगतो, बाकावर बसून दंड पुढे करतो आणि रक्त देऊन पुन्हा चालत घरी जातो, हे काही पटेना. यंत्र सकाळपासून कुरकुरत होतंच. मी ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो ती कंट्रोलची बाटली काढली, कंट्रोल लावला, तो अगदी जिथल्या तिथे आला. मग ती राखाडी बुचाची नळी पुन्हा लावली. चारशे पंचवीस. नळीवरची चिठ्ठी तोपर्यंत मी वाचली नव्हती. आम्ही वाचत नाही, नंबर बघतो. दिवसाला दोनशे नळ्या हातातून जातात, प्रत्येकीला माणूस समजलं तर वेड लागेल. पण आता वाचली, आणि नाव, वय, पत्ता सगळं ओळखीचं निघालं. आमच्याच इमारतीतल्या, बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, कपडे दुरुस्त करून देणाऱ्या मावशी. मी तिसऱ्यांदा नळी लावली. का लावली? मला काय वाटत होतं, ओळखीचं नाव बघून यंत्राला दया येईल? चारशे एकोणतीस. मी उगाचच खिडकीपाशी जाऊन ती नळी उजेडात धरून बघत राहिलो, जणू साखर डोळ्यांना दिसते.

आकडा इतका वर गेला की पेशंटला ताबडतोब फोन करायचा असा आमच्याकडे नियम आहे. लॅबच्या मॅडमनी केबिनमधूनच विचारलं, "कुणाचा आहे? फोन लावला का?" मी म्हणालो, "ओळखीच्या आहेत, मॅडम. मी स्वतःच जाऊन सांगतो." त्या म्हणाल्या, "सांगतो नाही, त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. आणि औषधं चालू आहेत का विचार. असं एकदम वाढत नाही, बंद केलेली असणार." मी मान हलवली. मला विचारायची गरज नव्हती. मावशींनी औषधं कधी बंद केली, का बंद केली, कोणाच्या भरवशावर बंद केली, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी अंगातला पांढरा कोट काढला, खुंटीला लावला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, बरं वाटत नाहीये का?" मी म्हणालो, "मला काय धाड भरलीय!" आणि तिच्यावर उगाच खेकसल्याचं जिना उतरताना वाईट वाटलं.

माझे बाबा कातारी. कात्यावर लाकूड फिरवायचं आणि पटाशीनं त्याला आकार द्यायचा, हे काम ते पंचावन्न वर्षं करताहेत. पलंगाचे खूर, लाटणी, खुंट्या, जिन्याचे कठडे, कुणी आणून दिलं तर ढोलाचं खोडसुद्धा. पण त्यांचा जीव एकाच लाकडावर, बिबळ्यावर. लहानपणी मला झोप यावी म्हणून कुणाचे बाबा गोष्टी सांगत असतील, माझे बाबा बिबळा सांगायचे. या झाडाला कुऱ्हाड लागली की सालीतून लालभडक डिंक येतो, माणसाला जखम झाली तसा. तो वाळवून ठेवायचा, दात दुखला की लावायचा. गाडीचं चाक बिबळ्याचं, दाराची चौकट बिबळ्याची, पाण्यातली होडी बिबळ्याची. भुसा ओला झाला की हात पिवळे होतात, आणि बाबांचे हात कायम पिवळेच. शाळेत पालकांना बोलावलं तेव्हा बाईंनी त्यांच्या हाताकडे बघितलं आणि मला इतकी लाज वाटली की मी त्यांचा हात सोडून दिला. त्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे. आणि या सगळ्याच्या वर, पेला. बिबळ्याच्या गाभ्याचा पेला करायचा, त्यात संध्याकाळी पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते तांबूस झालेलं असतं, आणि खिडकीशी तिरपं धरलं की त्यावरून निळसर झाक सरकते. ते उपाशीपोटी प्यायचं. साखरेच्या आजाराला लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. पेल्याचा रंग महिना-दीड महिन्यात उतरतो, पाणी पांढरं राहायला लागतं, मग नवा पेला. गल्लीत बाबांना पेलेवाले म्हणतात. मी रक्तवाला. आमच्या लग्नानंतर बायको एकदा म्हणाली होती, "तुमच्या घरात एक लाकडाचा डॉक्टर, एक रक्ताचा. आजारी पडायला माणूसच उरलं नाही."

उरलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं घरातल्या सगळ्यांचं रक्त नेलं आणि बाबांची साखर दोनशे सत्तर निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. बाबांनी ती पुडी माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. रागानं नाही, शांतपणे, लाकडाचं सालपट टाकावं तशी. "तुझ्या आईनं अकरा वर्षं मूठ मूठ गोळ्या खाल्ल्या," ते म्हणाले. "गेलीच ना?" आई मूत्रपिंडानं गेली, ती गोळ्यांमुळे नाही गेली, गोळ्यांमुळे उलट चार वर्षं जास्त जगली, हे मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावलं होतं. त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या कात्यावर केलेल्या पेल्यातलं पाणी प्यायला लागले. साखर तीनशेवर गेली. पायाला मुंग्या यायला लागल्या. एकदा दुकानात बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पटाशी हातातून सुटून पायाशेजारी फरशीवर पडली, अगदी बोटभर अंतरावर. मी भांडलो, हात जोडले, अबोला धरला. बाबा म्हणायचे, "लाकडाला वेळ लागतो. तुमच्यासारखी घाई नसते त्याला."

मग एका पहाटे, बाबा तोंड धूत असताना, मी ओट्याशी उभा राहून गोळी दोन चमच्यांमध्ये धरून कुटली आणि पेल्यातल्या पाण्यात ढवळली. एवढंच. यात कट नव्हता, योजना नव्हती, हात आपोआप गेला असं आता वाटतं, पण ते खोटं असावं, कारण गोळ्यांची नवी पुडी मी आदल्या दिवशीच आणून कपड्यांच्या घडीखाली ठेवली होती. ते पाणी मुळातच तुरट, कडसर. बाबांनी नेहमीसारखा पेला खिडकीशी धरला, झाक बघितली, डोळे मिटून प्यायले. मी ओट्याशीच उभा राहून बघत होतो. त्यांनी पेला उपडा ठेवला आणि म्हणाले, "आज चांगलं उतरलंय." बायकोला त्याच आठवड्यात कळलं. ती म्हणाली, "सांगून टाक एकदाचं. एरवी तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि हेच बरं राहिलं." मी म्हणालो, साखर उतरू दे, मग सांगतो. दोन महिन्यांनी साखर एकशे तीस आली. मी तो कागद घेऊन घरी आलो, सांगायचं ठरवूनच आलो होतो, शब्दही जुळवले होते. बाबांनी आकडा बघितला आणि ते हसले. आई गेल्यानंतर इतके मोकळे हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आपला पिवळा हात माझ्या शर्टावर तसाच ठेवला आणि म्हणाले, "बघ! तुझ्याच यंत्रानं सांगितलं." मी म्हणालो, "हो, बाबा." मला आनंदसुद्धा झाला. हेच मला समजत नाही, मला खरोखर आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी तो कागद दुकानात होता. बाबांनी त्याला प्लॅस्टिकचं आवरण करून घेतलं आणि कात्याच्या वर, जिथे पूर्वी कॅलेंडर असायचं तिथे, खिळ्याला टांगला. खाली आमच्या लॅबचा शिक्का आणि तपासणाऱ्याची सही. माझी सही. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बोट लावून दाखवायचे. "मुलगाच तिथे आहे, खोटं कसं असेल?" पेल्यांची मागणी वाढली. आणि मी रोज पहाटे चमच्यात गोळी कुटत राहिलो. कधी कधी वाटायचं, लाकूडही काम करत असेल. का नसेल? पिढ्यान्‌पिढ्या माणसं काय उगाच पीत होती? मी दोन्ही एकत्र केलं, आता त्यातलं कुठलं कोणाचं हे सांगता येईना. लॅबमध्ये मी नवशिक्यांना पहिला धडा हाच देतो, की दोन गोष्टी एकाच वेळी बदलायच्या नाहीत, आणि घरी मी स्वतःच सगळा घोळ करून ठेवला होता. एकदा खात्री करायची म्हणून आठवडाभर गोळी घातली नाही. साखर थोडी वाढली. पण त्याच आठवड्यात बायकोच्या बहिणीकडचा मिठाईचा डबा आला होता आणि बाबांनी त्यातला अर्धा फस्त केला होता. मग वाढ गोळी नसल्याची की मिठाईची? मी पुन्हा कुटायला लागलो. बाबांच्या बरोबर मीही त्या लाकडावर विश्वास ठेवायला लागलो होतो की काय, देव जाणे. पेल्यावरची ती निळसर झाक बघायला मी मुद्दाम दोन मिनिटं लवकर उठायचो.

मावशी गेल्या उन्हाळ्यात दुकानात आल्या. मी तिथेच होतो, बाबांचा डबा घेऊन गेलो होतो. त्यांनी तो कागद चष्मा लावून, ओळीओळीवर बोट फिरवत वाचला. मग माझ्याकडे वळल्या. "अरे, ही तुझीच सही ना?" मी म्हणालो, "हो, पण मावशी..." "पण काय?" बाबा कात्यावरून मान वर करून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या भुवयांवर भुसा बसला होता. मी म्हणालो, "पण तुमच्या गोळ्या चालू ठेवा." मावशी म्हणाल्या, "भाऊंनी कुठे चालू ठेवल्यात? नुसत्या पाण्यावर एवढी उतरली की!" आणि बाबा म्हणाले, "नुसत्या पाण्यावर, ताई." त्यांनी मावशींसाठी गाभ्यातलं लाकूड निवडून, दोन दिवस खपून पेला केला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. नंतर जिन्यात भेटल्या की मी विचारायचो, "गोळ्या चालू आहेत ना?" आणि त्या हसून म्हणायच्या, "तू नको रे काळजी करू." हे उत्तर 'हो' आहे असं मी धरून चाललो होतो. मी मठ्ठ नाही. मला धरायचं होतं म्हणून धरलं.

घरापर्यंतचं अंतर पंधरा मिनिटांचं, त्या दुपारी ते मला कसंही करून लांबवता येईना. रस्त्यात दोन ट्रक अडले होते, चष्म्याच्या दुकानात नवी काच बसवत होते, एक माणूस शिडीवर चढून दिव्याच्या खांबाला रंग देत होता आणि मी त्या सगळ्यांकडे थांबून थांबून बघत होतो. मावशींना आधी सांगायचं की बाबांना? मावशींना सांगितलं तर त्या बाबांकडे जातील आणि बाबांना परक्याकडून कळेल. बाबांना आधी सांगावं तर तेवढा वेळ आहे का? चारशे अठ्ठावीसवर माणूस कधीही कोसळतो. पण मग मी पायीच का चाललो होतो? रिक्षा का केली नाही? मी खरंच धावायला लागलो, मग शेजारून जाणाऱ्या बाईनं दचकून बघितलं म्हणून पुन्हा चालायला लागलो. मी बायकोला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मी खाली मावशींकडे जाते, रिक्षा बोलावते. तू बाबांशी बोल. आणि हे बघ, आता पुन्हा 'पण' म्हणून थांबू नकोस."

गल्लीतल्या आमच्या दुकानात काता फिरत होता. मी बटण बंद केलं. बाबा असं कुणाला करू देत नाहीत, त्यांनी चिडून वर बघितलं आणि माझा चेहरा बघून पटाशी खाली ठेवली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. गोळी, चमचे, पहाट, सात महिने, मावशी, चारशे अठ्ठावीस. वाक्यं भलत्याच क्रमानं येत होती, मध्येच मी आईबद्दल काहीतरी बोललो, मध्येच म्हणालो की लाकडाचाही उपयोग झाला असेल, नाही असं मी म्हणत नाही. बाबा ऐकत होते. त्यांनी एकदाच विचारलं, "रोज?" मी म्हणालो, "एक आठवडा सोडून रोज." ते वर टांगलेल्या कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं, फाडकन एक ठेवून द्यायला हवी होती. त्यांनी हात वर करून कागद खिळ्यावरून काढला, आतला कागद फाटेना म्हणून आवरणासकट वाकवून मोडला आणि भुशाच्या ढिगात टाकला. मग पायात चपला सरकवून म्हणाले, "चल."

मावशी दारातच खुर्चीवर बसल्या होत्या, बायको त्यांच्या पायाला फडकं गुंडाळत होती. अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम होती, काळी पडलेली. महिन्यापूर्वी तिथे कात्री पडली होती म्हणे, भरेना, म्हणून आज त्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं. खोलीत शिलाई मशीनवर कुणाची तरी अर्धी उसवलेली पँट तशीच होती. मी तोंड उघडलं. मला खरंच सांगायचं होतं, मी शपथेवर सांगतो. बाबांनी माझ्या दंडावर हात ठेवून मला मागे सारलं.

"ताई," ते म्हणाले, "मी गोळ्या घेतो."

मावशींना कळेना. "कसल्या गोळ्या, भाऊ?"

"साखरेच्या. पहिल्यापासून घेतो. पेल्याचं नाव व्हावं म्हणून सांगितलं नाही. याला सुद्धा माहीत नव्हतं, आज त्यानं मला पकडलं."

"बाबा," मी म्हणालो.

"तू गप बस," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुला लॅबमध्ये उद्या जायचंय."

मावशींनी बाबांना नको नको ते सुनावलं. म्हातारपणी लाज कशी वाटली नाही, माझ्या पायाचं आता काय होणार, चार पेले विकायला तुम्हाला माझाच गळा सापडला का? शेजारची दारं उघडली, वरच्या जिन्यावर माणसं येऊन उभी राहिली. बाबा खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी पंचावन्न वर्षांत कुणाला वाकडा खूर विकला नव्हता. मी त्यांच्या मागे, दोन पायऱ्या वर, भिंतीला हात लावून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा लॅबचा शिक्का दिसत होता, मॅडमचा चेहरा दिसत होता, आपल्या बापाला न सांगता औषध देणारा माणूस असं कुणीतरी म्हणेल ते ऐकू येत होतं, आणि त्याच वेळी हेही वाटत होतं की बाबांनी गप बस म्हटलंय, आता बोललो तर त्यांचं बोलणं खोटं पाडल्यासारखं होईल. यातलं खरं कारण कुठलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी बोललो नाही. मी रिक्षेत मावशींच्या शेजारी बसलो आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

मावशी वाचल्या. पायाचं ते एक बोट काढावं लागलं. आता त्या इंजेक्शन घेतात, मी आठवड्यातून एकदा घरी जाऊन त्यांची साखर बघतो, आणि त्या मला चहा पाजतात, म्हणतात, "तू होतास म्हणून, नाहीतर त्या लबाड म्हाताऱ्यानं मला मारलंच होतं." मी चहा पितो. बाबा पेले करत नाहीत. गल्लीत कुणी मागतही नाही. खूर आणि लाटणी करतात, बिबळ्याचा उरलेला ओंडका दुकानाच्या कोपऱ्यात उभा आहे. गोळी ते आता स्वतःच्या हातानं घेतात, वेळच्या वेळी, पाकिटावरचं नाव वाचून. माझ्याशी बोलतात, रागावलेले नाहीत. मी एकदा त्या दुपारचा विषय काढला तर म्हणाले, "झालं ते झालं." बायकोनं दिलेला चहा ते पेपरातून डोकं वर न काढता पितात. पण मी काही दिलं, साधं स्टीलच्या भांड्यातलं पाणी जरी दिलं, तरी भांडं हातात धरून माझ्याकडे बघतात.

"यात काय आहे?"

"पाणी, बाबा."

"नुसतं?"

"नुसतं."

मग ते भांडं माझ्याकडे परत करतात, आणि मी त्यातला एक घोट पिईपर्यंत थांबतात.